आखाजीचं लुगडं

त्यांचं खरं नाव सिग्ने. आडनाव मला आजही धड उच्चारता येत नाही. नॉर्वे देशातल्या कुठल्याशा समुद्रकाठच्या गावातून त्या आल्या होत्या, पण पिंपळनेरात आणि आसपासच्या खेड्यांत त्यांना सिग्ने म्हणताना मी कुणाला ऐकलं नाही. आल्या आल्याच कुणा बाईने सिग्नेबाईचं सगुणाबाई करून टाकलं, आणि ते असं चिकटलं की पुढे त्या स्वतःच दारावर थाप पडली की आतून विचारत, “कोण शे? मी सगुणा बोलस.”

स्वातंत्र्यानंतर वर्ष-दीड वर्षात मी त्यांच्या हाताखाली आले. धुळ्यात नर्सिंग शिकून नुकतीच बाहेर पडले होते. साक्रीच्या पुढे, डोंगराच्या अंगाला मिशनचा एक छोटा दवाखाना आहे, तिथे मुलगी हवी आहे, एवढंच कळलं होतं. वडिलांना ते पसंत नव्हतं. “तिकडे जंगलात एका गोऱ्या बाईबरोबर तू राहणार?” असं त्यांनी दोनदा विचारलं आणि मग स्वतःच मला मोटारीत बसवून द्यायला आले.

सगुणाबाई दवाखान्याच्या ओट्यावर उभ्या होत्या. पुरुषाच्या वर उंची, उन्हाने कायमचं लाल झालेलं नाक, केस जवसाच्या वाळल्या काडीच्या रंगाचे. पायांत गावच्या चांभाराने खास बनवलेल्या वहाणा. तयार मिळणाऱ्यांत त्यांचा पाय मावत नसे. मला वरून खालपर्यंत बघून त्या म्हणाल्या, “आपण अत्यंत कृश आहात. भोजन झाले काय?”

त्यांना मराठी शिकवलं होतं धुळ्यातल्या एका जुन्या शास्त्रीबुवांनी, त्यामुळे ते सगळं पोथीतलं. कळा देणाऱ्या बाईला त्या सांगत, “कृपया श्वास रोखून धरावा.” ती बिचारी वेदना विसरून माझ्याकडे बघे. “हाई बाई काय म्हनस वं?” पुढे बायकांकडूनच त्या अहिराणी शिकल्या, पण पोथी सुटली नाही. दोन्ही भाषा त्यांच्या तोंडात शेजारी शेजारी राहायला लागल्या. “कृपया दम धर, माय,” हे त्यांचं वाक्य तर गावातली पोरं खेळताना एकमेकांना म्हणत.

टाके घालताना त्या शिट्टी वाजवत. बाईने शिट्टी वाजवायची म्हणजे काय, असं सुरुवातीला गावाला वाटलं. नंतर बायकाच एकमेकींना सांगू लागल्या, की बाई शिट्टी वाजवत असली तर घाबरायचं नाही, शिट्टी थांबली तर देवाचं नाव घ्यायचं. आजारी मुलाला बघायच्या तेव्हा कपाळाला हात लावण्याआधी त्याचे तळपाय हातात धरत. बाळंतिणीच्या नवऱ्याला ओट्यावर उभं करून झापत, मग त्यालाच गुळाचा काळा चहा देत. आणि कितीही अवघड बाई आली तरी पहिलं वाक्य ठरलेलं, “अजून वेळ शे.” म्हणजे वेळ गेलेली नाही, घाबरू नका. बहुतेक वेळा ते खरं ठरे.

एक नियम मात्र त्यांनी कडक पाळला. पेशंटकडून काही म्हणजे काही घ्यायचं नाही. शेंगा, गूळ कुणी आणलाच तर तो दवाखान्याच्या स्वयंपाकघरात, पेशंटांसाठी. एकदा एक बाप मुलगा जगला म्हणून ओट्याच्या खांबाला बकरी बांधून पळून गेला. परत देतील म्हणून तो पत्तासुद्धा न सांगता गेला होता. सगुणाबाईंनी दोरी सायकलच्या मागे बांधली आणि तीन गावं विचारत फिरल्या. बकरी मधेच बसे, मग त्याही बसत. संध्याकाळी घामाघूम होऊन परत आल्या आणि म्हणाल्या, “मालती, ती बकरी माझ्याहून हट्टी होती. परंतु देई टाकी.”

सखू रोज सकाळी दवाखान्यात दूध घालायला यायची. मैलभरावरच्या मळ्यात तिचं घर. वडिलांना सगळे नाना म्हणत, आईला जिजाक्का. सखू तेव्हा परकर-पोलक्यातली. चरवी ठेवून ती लगेच जायची नाही. ओट्याच्या कडेला बसून सगुणाबाईंची भाषा सुधारायची.

“‘आहे’ नही. ‘शे’ म्हन.”

“शे.”

“‘माझं’ नही. ‘मनं’.”

“मनं.”

“आते म्हन, हाई दूध मनं शे.”

“हाई दूध मनं शे,” बाई म्हणत, आणि सखू चरवी उचलून हसत पळून जाई. शास्त्रीबुवांवर त्यांची श्रद्धा होती, पण खरी भाषा मला या पोरीने दिली, असं त्या मला म्हणायच्या.

सखूचं लग्न पाचोऱ्याकडे झालं. वरात निघाली तेव्हा बाई सायकल धरून रस्त्याच्या कडेला उभ्या होत्या. गाडी वळणाआड गेल्यावर म्हणाल्या, “इतक्या लांब का देतात?” मी म्हटलं, तुम्ही तर किती लांबून आलात.

त्याच हिवाळ्यात त्यांची आई गेली. धुळ्याहून एक माणूस तार घेऊन आला. बाईंनी ती वाचली, घडी करून खिशात ठेवली आणि रांगेतल्या पुढच्या बाईला आत बोलावलं. दुपारपर्यंत पेशंट बघितले. मग मागच्या अंगणात जाऊन त्या पट्ट्या धुवायला बसल्या. आदल्या दिवशी धुवून वाळवलेल्यासुद्धा. मला काय करावं सुचेना. त्यांना जवळ घ्यावं एवढी माझी प्राज्ञा नव्हती. मी शेजारी बसून पट्ट्या पिळत राहिले.

गावात कसं कळलं कोण जाणे. दिवस मावळायच्या आत जिजाक्का आली. ठेंगणी, काटक बाई, कपाळाला आडवं कुंकू. डोक्यावर टोपली, टोपलीत फडक्याने झाकलेलं पिठलं आणि भाकरी.

“अक्का, हाई कशाला?” बाई म्हणाल्या. “मी कुणाकडून...”

“तुनी माय मरनी ना?”

“हो.”

“मंग आज तुना घर चूल पेटाडतस नही. खाई ले.”

बाईंनी माझ्याकडे बघितलं. मी सांगितलं, की आपल्यात ज्या घरी माणूस जातं तिथे त्या दिवशी चूल पेटवत नाहीत, शेजारी जेवण आणून देतात. ही भेट नाही. बाई खाली बसल्या. जिजाक्काने भाकरीचा तुकडा मोडून पिठलं लावून त्यांच्या हातात दिला, आणि तो हातात धरूनच सगुणाबाई पहिल्यांदा रडल्या. जिजाक्का त्यांच्या पाठीवरून हात फिरवत होती. उंचीमुळे तिचा हात खांद्यापर्यंत पोचत नव्हता, ती जमेल तिथे फिरवत होती.

पुढच्या पावसाळ्यात सखू पहिलटकरीण म्हणून माहेरी आली. आल्याबरोबर दूध घेऊन आली, सवयीने. बाईंनी तिच्या पायांकडे बघितलं आणि चरवी तिच्या हातातून काढून घेतली. पाय सुजले होते, डोकं सारखं दुखतं म्हणाली. रक्तदाब बघितला आणि बाईंनी त्याच दिवशी नानांना बोलावून सांगितलं, हिला धुळ्याच्या मोठ्या इस्पितळात न्या, आत्ताच. नाना म्हणाले, जावयाला विचारतो. पाचोऱ्याला निरोप गेला. तिकडून निरोप आला, पोळा झाल्यावर बघू. नाना वाईट माणूस नव्हते. मुलगी दुसऱ्यांची झाली, तिच्याबाबत आपण काय ठरवणार, एवढंच त्यांना माहीत होतं. बाई मळ्यात जाऊन भांडल्या, ओरडल्या, शेवटी हात जोडले. नानांनी मान खाली घातली.

पोळ्याच्या आधीच, एका सकाळी सखूला झटका आला. बैलगाडीतून आणलं तेव्हा जीभ दाताखाली येऊन तोंडातून रक्त येत होतं. बाईंनी इंजेक्शन दिलं, खोलीत अंधार केला. झटका थांबला. ऑपरेशन करून मूल काढायला हवं होतं आणि ते आमच्याकडे होणारं नव्हतं. गावातल्या एका व्यापाऱ्याची जीप मिळाली. सखूला मागे निजवलं, तिचं डोकं बाईंच्या मांडीवर, आणि आम्ही निघालो.

पांझरा नदीच्या बुटक्या फरशीपुलावरून पाणी वाहत होतं. वर डोंगरात रात्रभर पाऊस कोसळला होता. पाणी लाल, जाड, त्यातून अख्खी झाडं जात होती. पलीकडच्या काठावर धुळ्याची मोटार उभी होती. उतारू खाली उतरून आमच्याकडे बघत होते, आम्ही त्यांच्याकडे. ड्रायव्हर म्हणाला, “आते उतरी पानी.” आम्ही थांबलो. पाणी चढत गेलं. बाई एकदा जीपमधून उतरल्या आणि सरळ पाण्यात शिरल्या, गुडघ्याच्या वरपर्यंत. दोघा माणसांनी त्यांना ओढून मागे आणलं. पलीकडच्या एका म्हाताऱ्याने ओरडून काहीतरी सांगितलं, पण पाण्याच्या आवाजात ते ऐकू आलं नाही.

तिथेच सखूला दुसरा झटका आला, मग तिसरा. आम्ही परत फिरलो.

दवाखान्याच्या दारात जिजाक्काने विचारलं, “सगुणा, वेळ शे ना अजून?”

बाईंनी सखूला उचलून आत नेलं. दुपारी मूल झालं, मेलेलंच. मुलगा होता. सखू त्यानंतर थोडा वेळ होती. शुद्धीवर आली नाही. बाईंनी तिचा हात धरला होता, तो सगळं संपल्यावरही त्या सोडेनात. शेवटी जिजाक्कानेच त्यांची बोटं एकेक करून सोडवली.

दुसऱ्या दिवशी सगुणाबाई स्वयंपाकघरात शिरल्या. भाकरी त्यांना कधीच जमली नाही. एक तव्याला चिकटली, दुसरी फुटली, बाकीच्या कडेला करपल्या. मी करते म्हटलं तर हाताने बाजूला सारलं. पिठल्यात गुठळ्या झाल्या होत्या. ते सगळं टोपलीत घालून, डोक्यावर घेऊन त्या मळ्यात चालत गेल्या. जिजाक्का भिंतीला टेकून बसली होती. तिने करपलेली भाकरी बघितली, बाईंकडे बघितलं, आणि खाल्ली.

त्यानंतर ‘अजून वेळ शे’ हे वाक्य मी त्यांच्या तोंडून ऐकलं नाही. शिट्टीही कमी झाली. पाऊस लागला की मधेच काम टाकून त्या ओट्यावर येत आणि नदीच्या दिशेने बघत उभ्या राहत.

मग आखाजी आली. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, आमच्या खान्देशात लेकींचा सण. सासरच्या मुली माहेरी येतात, झाडांना झोके बांधतात, गाणी म्हणतात. त्या दिवसांत दवाखाना ओस पडतो, दुखणीसुद्धा बायका पुढे ढकलतात. आम्ही दोघी ओट्यावर कापूस निवडत बसलो होतो आणि कुठल्याशा आंब्याखालून गाणी ऐकू येत होती. जिजाक्का आली. काखेत पांढऱ्या धोतराच्या फडक्यात बांधलेलं गाठोडं होतं. तिने ते बाईंच्या मांडीवर ठेवून सोडलं.

आत लुगडं होतं. येवल्याचं, रेशमी, गर्द हिरवं. पदराची जर जुनी असल्याने जराशी तांबूस झाली होती, त्यावर मोर. कडुनिंबाच्या वाळल्या पानांचा वास आला. मी शहरात वाढलेली, पण असं लुगडं मी दुकानातही जवळून बघितलं नव्हतं.

“मना लगीननं शे,” जिजाक्का म्हणाली. “मनी मायनी दिधं व्हतं. तिले तिनी मायनी. सखूले बारसाले देवानं व्हतं.”

बाईंनी हात मागे घेतले. “अक्का, मी नाही घेऊ शकत.”

“का वं?”

“मी काही घेत नाही. तुले माहीत शे. आणि...” त्यांनी फडकं परत गुंडाळायला घेतलं. “मी तिले वाचाडं नही, अक्का. मी वाचाडं नही.”

“तू तिना हात सोडा नही,” जिजाक्का म्हणाली. “मी देखं.”

बाई नुसत्या मान हलवत राहिल्या.

“देख, सगुणा. आखाजीले बठ्ठ्या पोरी माहेर येतस. मनी कोन येई?” ती थांबली. “आनि तुले तरी माहेर कोठे शे आते? ऊठ.”

ती विनंती नव्हती. माझ्या आईने मला न्हायला उठवावं तशी ती बोलली, आणि त्या एवढ्या उंच बाई उठल्या. आतल्या खोलीत जिजाक्काने स्वतःच्या हाताने त्यांना लुगडं नेसवलं. नऊवार लुगडं, पण त्यांना ते पोटऱ्यांपर्यंतच आलं. पदर खांद्यावरून घेताना जिजाक्काला स्टुलावर चढावं लागलं. खाली त्या चांभाराच्या वहाणा. मला हसू आवरेना, मग जिजाक्का हसली, आणि मग बाईही हसल्या. त्या हसत होत्या आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि पदरावर थेंब पडू नये म्हणून मान पुढे काढून उभ्या होत्या.

तशाच त्या जिजाक्काबरोबर मळ्यात जेवायला गेल्या. रस्त्याने बायका झोके थांबवून बघत होत्या. कुणीतरी विचारलं, “जिजाक्का, हाई कोन?” जिजाक्का न थांबता म्हणाली, “मनी आंडेर.” माझी मुलगी.

ते लुगडं बाईंनी त्यांच्या पत्र्याच्या पेटीत ठेवलं. पावसाळा संपला की सावलीत पसरून त्याला वारा देत आणि तेवढा वेळ जवळ खुर्ची टाकून बसत. आमच्या वरिष्ठ बाई एकदा धुळ्याहून तपासणीला आल्या होत्या. त्यांनी नियमाची आठवण करून दिली. सगुणाबाई म्हणाल्या, “ही पेशंटची वस्तू नाही. ही मला घरातून मिळाली.”

दोन वर्षांनी नानांच्या मुलाचं लग्न ठरलं. एके दिवशी दुपारी नाना दवाखान्यात आले. आत यायला तयार नव्हते. ओट्याच्या कडेला बसले, टोपी काढून हातात धरली.

“बाई, तुम्हले कसं सांगू. ते लुगडं...”

नानांनी टोपी हातात फिरवली.

“आमना घरनी रीत शे. नवी सून सासूना लगीननं लुगडं नेसीसन उंबरठा ओलांडस. भाऊबंद इचारी राहिनात, लुगडं कोठे गये? ती न इचारता देई बसनी. मी तिले काही म्हनं नही. पन आते लोके काय म्हनतीन? मिशनना बाईना घर कुळनं लुगडं...” ते थांबले. “मना नाईलाज शे, बाई.”

“जिजाक्काला माहीत आहे?”

“नही. तिले सांगू नका.”

“मग मी कसं देऊ? ज्यांनी दिलं त्यांना न विचारता?”

नानांनी हात जोडले. याच माणसापुढे बाईंनी एकदा हात जोडले होते, सखूसाठी. तेव्हा त्यांनी मान खाली घातली होती. बाईंच्या मनात ते आलं का, मला माहीत नाही. माझ्या मात्र आलं. मी म्हणालेही, “देऊ नका.” बाई इंग्रजीत एवढंच म्हणाल्या की नवी मुलगी येतेय, तिने तर काही केलेलं नाही, आणि लग्नघरात जिजाक्काला रोज बोलणी खावी लागतील. पेटी उघडली. लुगडं बाहेर काढलं आणि नानांच्या हातात दिलं. नाना गेल्यावर पेटीचं झाकण बराच वेळ उघडंच होतं.

लग्नाला आम्ही दोघी गेलो. सून उंबरठा ओलांडून आत आली. सोळा-सतरा वर्षांची, गोल चेहऱ्याची पोर, त्या हिरव्या लुगड्यात फार शोभत होती. जिजाक्का हातात ओवाळणीचं ताट घेऊन उभी होती. तिने लुगडं बघितलं. हात थांबला. मग तिने सुनेला नीट ओवाळलं, तिच्या गालावरून हात फिरवला, ताट दुसऱ्या बाईकडे दिलं आणि गर्दीतून वाट काढत आमच्यापर्यंत आली.

“तू देई टाकं?”

“अक्का, नाना आले होते. लोक तुला बोलतील म्हणून...”

जिजाक्काने त्यांच्याकडे बघितलं. राग नव्हता तिच्या नजरेत. राग असता तर बरं झालं असतं, असं बाई पुढे कितीदा तरी मला म्हणाल्या.

“मले वाटनं, तू देवाव नही,” ती म्हणाली. “तुले कोन्ही बोलू शकत नही असं वाटे मले. तू सायकलवर बसस, पुरुषसले रागे भरस.” मग बाईंचा हात हातात घेऊन थोपटत म्हणाली, “जाऊ दे. तू बी बाईच शे.”

आणि ती पंगत बघायला गेली.

त्यानंतर काही तुटलं असं नाही. जिजाक्का दवाखान्यात येई, आखाजीला बाईंना जेवायला बोलावी, बाई आपल्या नेहमीच्या झग्यातच जात. सुनेचं पहिलं बाळंतपण बाईंनीच केलं, सुखरूप. पण त्या आतून थकत चालल्या होत्या. पुरुषांना झापणं बंद झालं. ओट्यावर उभा राहून कुणी नवरा ‘आईला विचारतो, भावाला विचारतो’ म्हणू लागला की त्या नुसत्या बघत राहत. पुढे हृदयाचं दुखणं निघालं. वरिष्ठांनी परत मायदेशी जाण्याचा हुकूम पाठवला. त्यांना जायचं नव्हतं. दोनदा लिहून कळवलं. तिसऱ्यांदा त्यांच्या जागी येणाऱ्या बाईचं नावच आलं.

निघायच्या दिवशी मोटारीपाशी बायकांची ही गर्दी. जिजाक्का आली, नातवाला कडेवर घेऊन. तिने बाईंना खाली वाकायला लावलं, दोन्ही हात त्यांच्या चेहऱ्यावरून उतरवून आपल्या कानशिलांवर बोटं मोडली. बाईंनी बाळाचे तळपाय हातात धरले आणि सोडले.

मी जळगावपर्यंत त्यांना पोचवायला गेले. मुंबईची गाडी सकाळी होती. बायकांच्या डब्यात खिडकीशी जागा मिळाली. समोरच्या बाकावर कुणी शेतकरी घरची बाई बसली होती, मांडीवर केळ्यांची टोपली. मी खाली फलाटावर खिडकीचा गज धरून उभी होते. आम्ही दोघी औषधांच्या कपाटाच्या किल्लीबद्दल बोलत होतो. दुसरं काही बोलणं आम्हाला सुचत नव्हतं.

गाडीने शिट्टी दिली तेव्हा त्या बाईने एक केळं सोलून सगुणाबाईंच्या पुढे केलं. “दे वं, माय,” म्हणत त्यांनी ते घेतलं. गोरी बाई अहिराणी बोलते हे ऐकून तिला फार मौज वाटली असावी.

“कोठे चालनी, बाई?”

“घर,” सगुणाबाई म्हणाल्या.

“कोठे शे तुनं घर?”

सगुणाबाईंनी तोंड उघडलं. मग माझ्याकडे वळून बघितलं, एखादा शब्द अडला की बघत तसं. गाडी हलली होती. मी खिडकीबरोबर चालू लागले, मग भराभर चालू लागले, आणि मलाही काही सांगता येईना.